स्वयंपाकघराची आस्थापना

तळोदा हे कचेऱ्यांचे गाव आहे. सातपुड्याच्या पायथ्याशी, तापीच्या उत्तरेस, गुजरातच्या हद्दीला जवळजवळ खेटून वसलेल्या या गावात तहसीलदार आहेत, प्रांत आहेत, आदिवासी विकास प्रकल्पाचे कार्यालय आहे, आणि ‘मेवासी वनविभाग’ असे भारदस्त नाव धारण करणारे जंगलखातेही येथेच आपले दफ्तर मांडून बसले आहे. तेव्हा जन्माने आलेल्या माणसांच्या बरोबरीने येथे हुकुमाने आलेली माणसेही मोठ्या संख्येने नांदतात, यात नवल नाही. हुकुमाने आलेला माणूस पहिले काही दिवस खानावळीतील शेवभाजी खाऊन तिची तारीफ करतो, पुढे तीच शेवभाजी खाऊन औषधाच्या दुकानाची चौकशी करतो, आणि अखेर एके दिवशी त्याचे कुटुंब टेम्पोसह दाखल होते. हा टेम्पो रिकामा होत असताना समोरच्या ओट्यावर बसून पाहण्याची ज्याला सवड आहे (आणि पेन्शनरास ती असते), त्याच्या ध्यानात एक गोष्ट चटकन येते. कपाट हलके असते, कारण ते आधीच रिकामे केलेले असते; पुस्तके बहुधा नसतातच; हमालाच्या तोंडून जो उद्गार निघतो तो भांड्यांच्या पोत्यांपाशी. आणि ही सारी पोती आत जाऊन पडल्यावर तासाभराच्या आत त्याच घरातील एखादे पोर शेजारी येऊन विचारते, “काकू, आईनं सांडशी मागितली आहे.”

स्वयंपाकघर हीसुद्धा एक कचेरीच होय, आणि इतर कचेऱ्यांप्रमाणे तिच्यातही मंजूर जागा पुष्कळ आणि काम करणारे हात थोडे, असाच बंदोबस्त असतो. आमच्या घरच्या फळीवर पातेल्यांची उतरंड छतापर्यंत गेलेली आहे. परंतु रोजच्या हजेरीपटावर नाव असते ते एका कढईचे, एका तव्याचे, दोन पातेल्यांचे, कुकराचे आणि उपरिनिर्दिष्ट सांडशीचे. बाकीची मंडळी कायम सेवेत आहेत, एवढाच त्यांचा काय तो अधिकार. दिवाळीपूर्वी त्यांना सन्मानाने खाली उतरवून घासण्यात येते आणि तितक्याच सन्मानाने पुन्हा वर चढविण्यात येते. सोऱ्याबरोबर आलेल्या चकत्यांपैकी शेवेची व चकलीची या दोनच चकत्या कामास लागतात, आणि उरलेल्या, ज्यांच्या छिद्रांतून चांदण्या, बदाम आणि इतर अज्ञात आकृती निघाव्यात अशी निर्मात्याची अपेक्षा असते, त्या डब्याच्या तळाशी बिनपगारी रजेवर पडून राहतात. याचे कारण शोधू गेल्यास ते फार दूर नाही: भांडे विकत घेते वेळी माणसाच्या डोळ्यांपुढे आपल्या घरात रोज शिजणारी डाळ नसून, आपल्या घरात कधीच न शिजणारी मेजवानी उभी असते. पाच माणसांच्या कुटुंबात पन्नास पानांचे तपेले येते ते याच मार्गाने.

या आस्थापनेतील वतनदार म्हणजे पितळ. कुळकर्णीपण गेले, पाटीलक्या गेल्या, परंतु पितळेचे वतन मात्र पिढ्यान्‌पिढ्या सासूकडून सुनेकडे बिनतक्रार चालत आले आहे. आमच्याकडे एक पातेले असे आहे की त्याच्या काठावर मूळ मालकाच्या नावापुढे ‘मु. तळोदे, जि. प. खा.’ अशी अक्षरे ठोकलेली आहेत. १९०६ साली खानदेशाची फाळणी होऊन पश्चिम खानदेश जिल्हा झाला, पुढे त्याचे धुळे जिल्हा असे नामांतर झाले, आणि १ जुलै १९९८ रोजी त्यातून नंदुरबार वेगळा निघाला. इतकी राज्यक्रांती होऊनही या पातेल्याने आपला पत्ता बदलून घेतलेला नाही. त्यात वाफाळलेल्या भाताची चव निराळी लागते, हे मी शपथेवर सांगावयास तयार आहे. परंतु वतनदारांचा मान राखावा लागतो, आणि पितळेचा मान म्हणजे कल्हई.

सातपुड्याच्या या भागात, म्हणजे तळोदा, अक्कलकुवा आणि धडगावकडे, कैऱ्यांच्या फोडी उन्हात वाळवून जे आमचूर होते ते सर्वत्र विख्यात आहे. आणि आमचुराची डाळ उघड्या पितळेत शिजविली, तर ती अशी काही कळकते की पाहुण्यांना आपल्या घरी राहण्याचा आग्रह पुन्हा करण्याचे कारण उरत नाही. आंबट पदार्थ तांब्याचा अंश अन्नात ओढून घेतो, आणि त्या दोहोंच्या मध्ये पहारेकरी म्हणून कथलाचा पातळ थर उभा करणे, एवढेच कल्हईचे प्रयोजन. ‘नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा’ या म्हणीने कथलाची जी बेअब्रू केली आहे ती मला केव्हाही मान्य नव्हती. सोनूबाईच्या हातात सोन्याचा वाळा असता तरी त्याने डाळ कळकावयाची थोडीच थांबली असती!

कल्हईवाला आता क्वचित येतो, पण येतो तेव्हा गल्लीतील सारी कामे तहकूब होतात. तो जमिनीत खळगा करून त्यात कोळसे पेटवितो, भाता जोडतो, चिमट्याने पातेले धरून त्याला निखाऱ्यांवर सर्व अंगांनी तापू देतो, आणि मग चिमूटभर नवसागर आत टाकतो. त्यासरशी असा शुभ्र धूर उठतो की जवळ बसलेला माणूस खोकत उठून दूर जातो, व पाच पळांनी पुन्हा जवळ येऊन बसतो. त्या धुराने भांड्याच्या अंगावरचा मळ आणि गंज सुटतो. मग कथलाची काडी आत टेकविली की ती लोण्यासारखी विरघळते, आणि कापसाचा बोळा एक वेढा फिरला न फिरला तोच काळवंडलेल्या पोटात चांदी पसरते. भांडे पाण्यात बुडते, ‘चर्र’ असा आवाज होतो, आणि मालकीण आत डोकावून आपला चेहरा पाहून घेते. येथे एक इशारा देणे अवश्य आहे. कथील २३२ अंशांस वितळते. तेव्हा फोडणीचे तेल आणावयास गेलेल्या बाईने, दारात भेटलेल्या शेजारणीशी बोलत, रिकामे पातेले विस्तवावर तसेच राहू दिले, तर ती कल्हई भांड्याच्या तळाशी गोळा होते आणि पुढील कल्हईवाल्याची वाट पाहण्यापलीकडे काही तजवीज उरत नाही.

पितळेच्या या कटकटींस कंटाळूनच आमच्या पिढीने पोलादास नेमणूक दिली. न गंजणाऱ्या या पोलादाची जन्मकथा मौजेची आहे. इंग्लंडातील शेफील्ड येथे हॅरी ब्रिअर्ली नावाचा एक गृहस्थ बंदुकीच्या नळ्या आतून झिजू नयेत म्हणून पोलादात क्रोमियम मिसळून प्रयोग करीत होता, आणि १९१३ साली त्याच्या हाती जे पोलाद आले त्यावर आम्लांचा परिणाम होईना. तेव्हा ते सुऱ्याकाट्यांस चांगले, असे त्याला सुचले. पुढे त्या कुळात निकेलही मिळाले, व १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल अशा प्रमाणाचे जे पोलाद होते ते आज आमच्या पुरणाच्या डब्यापर्यंत येऊन पोहोचले आहे. त्याच्या गुणांविषयी तक्रार नाही. ते कळकत नाही, चिंच मागत नाही, कल्हई मागत नाही. परंतु एका बाबतीत ते पक्के सरकारी आहे: वरून आलेली गोष्ट ते सर्वत्र सारखी पोहोचवीत नाही. तांबे जितक्या सहज उष्णता वाहून नेते, त्याच्या सुमारे पंचविसाव्या हिश्शानेच हे पोलाद ती नेते. परिणामी गॅसची ज्योत जेथे लागते तेथे खीर करपते आणि चार बोटांवर तिला कढही आलेला नसतो. तळाला तांब्याचा किंवा अ‍ॅल्युमिनियमचा जाड थर बसविलेली पातेली निघाली ती या दोषाच्या परिमार्जनार्थ. दूध तापविण्यासाठी असे एक पातेले घरात असावे, बाकी पोलाद पाणी, ताक, पीठ आणि पाहुणे यांच्यासाठी पुरेसे आहे.

भांड्यांच्या दुकानात जोडप्याने जावे की बाईने एकटीने, हा प्रश्न विचारार्ह आहे. पुरुष दुकानात शिरतो तो चकाकीकडे पाहत, आणि बाई शिरते ती खाली पाहत. आमच्या घरातून मला अशा प्रसंगी पिशवी धरण्यापुरते नेण्यात येते. तरीही एकदा मी एक पातेले उचलून पसंती दर्शविण्याचे धाडस केले.

“अहो, बूड बघा.”

“चकचकीत आहे की.”

“चकचकीत सगळीच असतात. काचेवर ठेवा आणि जरा फिरवा.”

मी ते दुकानदाराच्या काचेच्या पेटीवर ठेवून बोटाने हलकेच ढकलले. पातेले भोवऱ्याप्रमाणे गरगर फिरू लागले, आणि मला त्याच्या चपळाईचे कौतुक वाटत असतानाच सौभाग्यवतींनी ते बाजूला सारले. फिरणाऱ्या भांड्याचे बूड मध्ये फुगलेले असते. ते शेगडीवर डुगडुगते आणि त्यातील तेल कडेला पळते. दुसरे पातेले ठेवले, ते जागचे हलले नाही. मग त्याच्या कडेवरून बोट फिरले, कारण कड आत वळवून दाबलेली नसेल तर ती घासताना बोट कापते आणि सांडशीच्या तोंडात नीट बसत नाही. कानांच्या मुळाशी रिबिटे आहेत की नुसता डाग दिलेला आहे, याचा तपास झाला. झाकण घालून, काढून, पुन्हा घालून पाहण्यात आले. एवढे होईतो दुकानदाराने तीन वेळा पंखा वाढवला होता.

“ताई, जाड गेजचं आहे. बावीसचं.”

“आणि ते पलीकडचं?”

“ते चोवीसचं. हलकं आहे, पण स्वस्त पडेल.”

ज्याचा आकडा मोठा तो पत्रा पातळ आणि ज्याचा आकडा लहान तो जाड, ही गणना प्रथम ऐकणाऱ्यास चमत्कारिक वाटते. परंतु ज्याने आयुष्यभर कचेरीत काम केले आहे आणि वर्ग एकचे अधिकारी व वर्ग चारचे शिपाई यांच्या वजनातील तफावत पाहिली आहे, त्याला ती एका क्षणात उमजते. जाड पत्र्याची भांडी तराजूवर विकली जातात, पातळ पत्र्याची नगावर, आणि दुकानदार कोणत्या भांड्याची स्तुती किती तन्मयतेने करतो ते यावर अवलंबून असते.

तव्याच्या बाबतीत मात्र दुकानदाराचा सल्ला घेऊ नये. खानदेशात तवा म्हणजे भाकरीचा तवा, आणि भाकरी म्हणजे ज्वारीची, बाजरीची, किंवा ज्वारीत उडीद मिसळून दळलेल्या कळण्याची. काथवटीत पीठ मळून, थापून, तव्यावर टाकून, वरून पाण्याचा हात फिरवून, उलटून, आणि शेवटी थेट आगीवर धरून ती फुगवावयाची, असा हा विधी आहे. त्यात पाणी आहे, प्रखर आच आहे, उलथण्याचे ओरखडे आहेत. न चिकटणाऱ्या लेपाचा काळा गुळगुळीत तवा घेऊन जी सुशिक्षित मंडळी शहरातून येतात, त्यांचा तो तवा हा विधी काही महिने सहन करतो आणि नंतर त्याचा लेप भाकरीबरोबर जेवणाऱ्यांच्या पोटात जाऊ लागतो. रॉय प्लंकेट या अमेरिकन रसायनशास्त्रज्ञाला १९३८ साली शीतकपाटाच्या वायूंवर काम करताना तो पदार्थ अकस्मात सापडला, तेव्हा कळण्याची भाकरी त्याच्या विचारात असण्याचा संभव अल्प आहे. तवा लोखंडाचा, जड, आणि शक्य तर दुसऱ्याने मुरविलेला असावा. नव्या तव्यावर तेल फिरवावे, अर्धा कांदा खाली दाबून घासावा, तापवावा, पुसावा, पुन्हा तेल लावावे. असे काही काळ केले म्हणजे तो काळाभोर, तुकतुकीत व आज्ञाधारक होतो. आणि तो एकदा तसा झाला की भांडी घासणाऱ्या बाईपासून त्याचे रक्षण करणे हे घरधन्याचे पहिले कर्तव्य ठरते, कारण स्वच्छतेच्या नव्या उत्साहात राखेने अगर तारेने तो घासून पांढरा केला की सारी तपश्चर्या मुळापासून सुरू.

परंतु तव्याचा सारा रुबाब आखाजीच्या दिवशी उतरतो. अक्षय तृतीया म्हणजे खानदेशची आखाजी, माहेरवाशिणींचा सण, झोके आणि आमरस. आणि त्या रसाबरोबर जी पुरणाची पोळी लागते ती तव्यावर होत नाही, खापरावर होते. खापर म्हणजे मातीचे रुंद, घुमटाकार पात्र, चुलीवर पालथे घातलेले. ते निवडण्याची रीत पाहण्यासारखी आहे. कुंभारणीपुढे खापरे मांडलेली असतात, आणि घेणारी बाई प्रत्येक खापर डाव्या हातावर अधांतरी धरून उजव्या हाताच्या बोटांच्या पेरांनी त्यावर टकटक करते, कान जवळ नेते, आणि बहुतेक वेळा मान हलवून खाली ठेवते. पक्के भाजलेले खापर टणत्कार करते. ज्यात केसाएवढी चीर आहे ते ‘बद’ असा आवाज देते, आणि असले खापर चुलीवर चढले की ऐन पोळीखाली दुभंगते. तेथेच उभ्या असलेल्या एका नवख्या अधिकाऱ्याच्या कुटुंबाने, पुण्याकडून आलेल्या असाव्यात, अत्यंत सौजन्याने विचारले, “पण यावर पोळी लाटायची कशी? पोळपाट केवढा लागतो?”

“पोळपाट नाही लागत, ताई,” कुंभारीण म्हणाली. “हात लागतात.”

आणि ते खरे आहे. पुरण भरलेला तो गोळा दोन्ही तळहातांवर, मग मनगटांवर, मग कोपरापर्यंत झेलत झेलत रुमालाएवढा वाढविला जातो, आणि एका झटक्यात खापरावर पसरला जातो. ज्या साधनास दुकानात किंमत नाही, ज्याची जागा कोणत्याही फेरिस्तीत नोंदलेली नाही, असे हे साधन. पुण्याच्या बाईंनी तरीही एक खापर घेतले. त्या वर्षी त्यांनी त्यावर काय केले याची मला माहिती आहे, परंतु शेजारधर्म म्हणून ती येथे नमूद करीत नाही. पुढील आखाजीस त्यांनी केलेली पोळी आमच्याकडे आली होती. ती रुमालाएवढी नसली तरी मोठ्या बशीएवढी होती, आणि आम्ही ती रसात बुडवून आनंदाने खाल्ली.

कुकराविषयी फार लिहावयाचे नाही, कारण तो स्वतःविषयी पुरेसे बोलतो. डेनिस पापँ या फ्रेंच विद्वानाने १६७९ साली लंडनमध्ये हाडे मऊ करण्यासाठी ते यंत्र प्रथम सिद्ध केले आणि ते फुटू नये म्हणून त्यास झडपही बसविली. त्याच्या शिट्ट्या मोजण्याचे गणित मात्र आपल्या आयाबहिणींचे. बंद भांड्यात वाफेचा दाब दुपटीने वाढला की पाणी १२० अंशांच्या आसपास तापते, म्हणून डाळ लवकर शिजते. याची खरी किंमत तळोद्यात कळत नाही, तोरणमाळास कळते. तेथे समुद्रसपाटीपासून सुमारे साडेअकराशे मीटर उंचीवर पाणी ९६ अंशांनाच उकळू लागते, आणि उघड्या पातेल्यात घातलेली तुरीची डाळ सूर्यास्तापर्यंत आपले व्यक्तिमत्त्व टिकवून धरते. सकाळी साडेनऊच्या सुमारास आमच्या गल्लीत एकाच वेळी जितक्या शिट्ट्या होतात, तितके कारकून वेळेवर कचेरीत पोहोचत असते तर तालुक्याचे कल्याण झाले असते.

लहान हत्यारांकडे येतो, कारण संसाराची खरी इभ्रत त्यांच्या हाती आहे. सांडशी हीच या कचेरीची शिरस्तेदार होय. साहेब कोणीही असो, तिच्यावाचून कागद हलत नाही. ती घेताना दोन्ही पाय दाबून तिचे तोंड पूर्ण मिटते की नाही आणि मधली खीळ ढिली तर नाही, एवढे पाहिले की पुरे. परंतु ती खीळ पुढे ढिली होणारच, आणि तिच्या लटपटण्याची ज्या हातांना सवय झाली त्यांना मग नवी सांडशी चालत नाही. झाऱ्याची दांडी लांब असावी, नाहीतर तळणाऱ्याची बोटे तळली जातात. ओगराळे खोल असावे. लाटणे जमिनीवर सोडून द्यावे. जे सरळ घरंगळते ते घ्यावे, जे वळून दाराकडे जाते ते सोडून द्यावे. पोळपाटास तीन पाय असतात ते सुताराने लाकूड वाचवावे म्हणून नव्हे. तीन पायांची वस्तू कितीही ओबडधोबड फरशीवर ठेवली तरी डुगडुगत नाही, हे भूमितीचे तत्त्व आहे. इंग्रजी अमलातील गॅझेटिअरने तळोद्याची नोंद खानदेशातील इमारती लाकडाची मोठी पेठ म्हणून केली आहे, आणि येथे बनणारे बैलगाडे जिल्ह्यात उत्तम असून एका गाड्यास सुमारे ४० रुपये पडतात असेही लिहून ठेवले आहे. अशा गावाच्या बाजारात आता प्लास्टिकचे लाटणे मिळते, आणि ते घेणारी माणसेही मिळतात, एवढे नमूद करून पुढे जातो.

वांग्याचे भरीत ठेचण्याचे लाकडी, द्रोणासारखे खोलगट पात्र, ज्यास कोणी बडगी म्हणतात तर कोणी बडजी, ते मात्र ज्याच्या घरी नाही त्याने शेजाऱ्याशी सलोखा ठेवावा. वांगी काट्याकुट्यांवर भाजावीत, सोलावीत, आणि लाकडातच लाकडाने ठेचावीत. धातूच्या भांड्यात ते भरीत रंग बदलते, आणि मिक्सरात तर त्याची लापशी होते, जी आजाऱ्यास देता येत नाही आणि निरोग्याने खावी असे वाटत नाही. मिरचीचेही तेच. नंदुरबारची मिरची देशभर जाते, मोसमात पथाऱ्यांवर लाल गालिचे पसरलेले असतात, आणि त्या मिरचीचा ठेचा दगडावर, वरवंट्याखाली भरड राहिला तरच जिभेला तो एकेका कणाने कळतो.

ही सर्व हत्यारे मिळून एका टोपलीत मावतात. दिवाळीत तळोद्यावरून अस्तंब्याच्या डोंगराकडे अश्वत्थाम्याच्या यात्रेला माणसांची रीघ लागते, तिचे सामान पाहिले म्हणजे माणसास किती भांडी लागतात याचा खरा दाखला मिळतो: चढ पायाखाली आला की तपेले कोणी उचलीत नाही. कपाळीच्या जखमेसाठी तो चिरंजीव सातपुड्यात तेल मागत फिरतो, अशी श्रद्धा आहे. आणि ज्या भागात एके काळी रोशा गवताच्या तेलाचा मोठा व्यापार होता तेथेच ती रुजली, याचे मला नेहमी आश्चर्य वाटते. त्यास अमरत्व लाभले, पण तेलाची बुधली लाभली नाही. आमच्या घरी बुधल्या पाच आहेत, आणि त्यांतील चारांचे तोंड इतके अरुंद आहे की आत हात जात नाही व तेलाचा चिकटा तेथेच वंशपरंपरेने राहतो.

या फाजील भरतीचे मूळ बहुतांशी जत्रेत आहे. सारंगखेड्यास दत्तजयंतीला घोड्यांचा मोठा बाजार भरतो, आणि घोडा पाहावयास गेलेला माणूस हमखास घरी येतो तो गाजर किसण्याचे, अंडे फेटण्याचे आणि लसूण सोलण्याचे असे त्रिविध कार्य करणारे एक यंत्र घेऊन. जत्रेतील विक्रेत्याच्या हातातील बटाटा फार गुणी असतो. त्याला चक्रावर टेकवताच तो सर्पाकार उलगडतो, त्याची फुले होतात, जाळ्या होतात, आणि भोवतीचे पुरुष मंत्रमुग्ध होऊन खिशात हात घालतात. घरचा बटाटा हे ऐकत नाही. पहिल्या दिवशी तो यंत्रात अडकतो, दुसऱ्या दिवशी यंत्र धुतल्यावर त्याचे एक पाते सापडत नाही, आणि तिसऱ्या दिवसापासून भाजी पूर्ववत विळीवर चिरली जाऊ लागते. ती विळी सासूबाईंची आहे, तिचे पाते झिजून अर्धे झाले आहे, आणि तिला आजवर कोणी ‘यंत्र’ म्हटलेले नाही.

दुसरे मूळ लग्नात आहे. आहेराचे भांडे नाव घातल्यावाचून देऊ नये असा जुना शिरस्ता होता, आणि त्यामागे प्रेमाइतकाच कायदाही होता: नाव घातलेले भांडे पुढच्या लग्नात ढकलता येत नाही. दुकानातला पोऱ्या कर्कश वाजणारी टोकदार लेखणी भांड्यावर टेकवतो, दातांतून शहारा जातो, आणि ‘चि. सौ. कां. हिस मामाकडून सप्रेम’ ही अक्षरे कायमची उमटतात. त्यात एखादा ऱ्हस्व-दीर्घ चुकला तरी तोही कायमचा. आता पाकिटाची प्रथा पडल्यापासून भांडी कमी येतात, तरी आमच्या फळीवर मामा, मावशा आणि साडू यांचे एक समग्र दफ्तर अद्याप शाबूत आहे, आणि त्यातील एकही भांडे कमी करण्याचा प्रस्ताव निघाला की संबंधित पक्षाचे नातेवाईक एकदम हयात होतात.

तेव्हा भांडी घरात येण्याचे मार्ग अनेक, जाण्याचा एकही नाही. उलट बोहारीण दारात आली की जुने कपडे जातात आणि नवी भांडी येतात, म्हणजे तेथेही भरतीच. मागील महिन्यात ती आली, डोक्यावरची टोपली उतरवून तिने पोलादाच्या वाट्या, गाळणी, डबे ओट्यावर मांडले, आणि सौभाग्यवतींनी माझा एक कोट पुढे केला, ज्याने माझ्याबरोबर दोन तालुक्यांत नोकरी केली होती. बोहारणीने तो उजेडाकडे धरला, कोपरांतून पलीकडचे पाहिले, आणि एक चहाचे गाळणे पुढे सरकवले.

“एवढ्यात? सांडशी दे.”

“सांडशी नाही व्हायची, बाई. कोट गेलेला आहे.”

“अगं, साहेबांचा कोट आहे.”

“साहेब पण दिसले मला,” ती माझ्याकडे पाहत म्हणाली. “सांडशीला अजून एक कापड लागेल.”

मी घरातील सांडशी उत्तम स्थितीत असल्याचे, आणि खीळ ढिली असली तरी तिची आपणांस सवय असल्याचे, निदर्शनास आणून देत होतो. सौभाग्यवतींनी ते ऐकून घेतले, आत गेल्या, आणि माझी बरी असलेली विजार घेऊन बाहेर आल्या.